गंजिफाची पेटी : खेळणाऱ्यांना तिच्यात काय हवे होते?

१/
इ.स. १५२७ च्या जून महिन्यात बाबराने आपल्या रोजनिशीत एक छोटीशी नोंद केली. मीर अली कोरची याला त्याने सिंधमधील ठठ्ठ्याला शाह हसन अर्घून याच्याकडे पाठवले. शाह हसनला गंजिफा या खेळाचा नाद होता. त्याने पत्ते मागितले होते आणि बाबराने ते रवाना केले. खानव्याची लढाई होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. हिंदुस्थानातील गंजिफाचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मानला जातो. तो पत्ते करणाऱ्या कारागिराचा नाही आणि ते जमवणाऱ्या शौकिनाचाही नाही. तो पत्ते मागणाऱ्या खेळाडूचा आहे.

२/
खेळाडू पेटी मागतो तेव्हा नेमके काय मागतो? आजच्या ट्रेडिंग कार्डांच्या जगात हा प्रश्न रोज विचारला जातो. १९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आला आणि पत्ते बंद पाकिटातून विकण्याची पद्धत रुजली. पाकिटात काय निघेल ते नशिबावर. म्हणूनच संपूर्ण पेटीची किंमत वेगळी : आत काय आहे हे आधीच ठाऊक असते आणि ती उघडताच डाव मांडता येतो. महाराष्ट्रात सावंतवाडीची गंजिफाची पेटी हे याच अपेक्षेचे जुने रूप आहे. त्या पेटीचे काय झाले, हे खेळाडूच्या बाजूने पाहिले तर तिचा इतिहास निराळा दिसतो.

३/
आधी पेटीची ओळख. गंजिफाची पाने गोल असतात. मुघल पद्धतीच्या जोडात आठ रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण ९६. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश ही त्या रंगांची नावे. मुकुट, रुपेरी नाणे, तलवार, सेवक, वाद्य, सोन्याचे नाणे, हुंडी आणि कापडचोपड असा राजाच्या संसाराचा सारा पसारा त्यांत मांडलेला आहे. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. आपल्याकडच्या दशावतारी जोडात रंग दहा, म्हणून पाने १२०. राजाच्या जागी अवताराचे चित्र येते आणि वजिराला प्रधान म्हणतात.

४/
दशावतारी जोडातील खुणा पाहण्यासारख्या आहेत. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, वराहाची शंख, नरसिंहाची चक्र, वामनाची कमंडलू, परशुरामाची परशू. रामाच्या रंगाला बाण, कृष्णाच्या रंगाला गाय, नवव्या रंगाला कमळ, कल्कीला तलवार. गावोगावच्या जोडांत यांत थोडाफार फरक आढळतो. तत्त्व मात्र एकच : ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही पान ओळखता यावे. दशावतार कीर्तनातून, देवळातून आणि कोकणात दशावतारी नाटकांतून प्रत्येकाच्या परिचयाचा होता. पेटीतील जग खेळणाऱ्याला नव्याने शिकावे लागत नव्हते.

५/
नववा रंग या दृष्टीने बोलका आहे. पोथीप्रमाणे नववा अवतार बुद्ध. परंतु ओडिशातील गंजिफांत त्या जागी पुरीचा जगन्नाथ येतो. महाराष्ट्रातील जुन्या पंचांगांत आणि मंदिरांवरील दशावतारपटांत बुद्धाच्या जागी अनेकदा विठ्ठल दिसतो. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरची भीमाकाठची वीट दशावतारांच्या रांगेत आली ती कोणा राजाच्या आज्ञेने नव्हे. लोकांनी आपल्या ओळखीचा देव रिकाम्या वाटणाऱ्या जागी बसवला. जो देव ओळखता येतो तो पटावर आणि पानावर टिकतो, ही खेळाडूची पहिली अपेक्षा झाली.

६/
दुसरी अपेक्षा : पान एका नजरेत वाचता यावे. एका रंगातील एक्का ते दश्शी या पानांवरील खुणांची बेरीज ५५ होते. दहा रंगांच्या मिळून ५५० खुणा, शिवाय दहा राजे आणि दहा प्रधान. कारागिराला एका पेटीसाठी हे सारे हाताने काढावे लागे. आजच्या ५२ पत्त्यांच्या जोडात एक्का ते दश्शीच्या पानांवरील खुणांची बेरीज २२० भरते, आणि त्या यंत्र छापते. शंखाची अठ्ठी आणि शंखाची नव्वी यांत खेळाडूची गफलत होऊ नये, म्हणून खुणांची मांडणी ठरावीक असे आणि प्रत्येक रंगाची पार्श्वभूमीही वेगळ्या रंगात रंगवलेली असे.

७/
ही गोष्ट खेळाच्या एका नियमाशी जोडलेली आहे. दशावतारी डावाची उतारी दिवसा रामाच्या राजाकडे असते आणि रात्री कृष्णाच्या राजाकडे. मुघल जोडात हाच मान दिवसा सुर्खला, म्हणजे सोनेरी नाण्याला, आणि रात्री सफेदला, म्हणजे रुपेरी नाण्याला मिळतो. सूर्य आणि चंद्र असा तो सरळ संकेत आहे. म्हणजे रात्रीचा डाव इतका रूढ होता की नियमातच त्याची तरतूद झाली. समईच्या उजेडात पान ओळखायचे असेल तर रेषा ठळक आणि रंग भडकच हवेत. गंजिफाच्या चित्रशैलीतील ठसठशीतपणा पाहताना हे विसरू नये.

८/
तिसरी अपेक्षा : पाठ सारखी असावी. पत्त्यांच्या खेळाचा सारा प्रामाणिकपणा पानाच्या मागच्या बाजूवर उभा असतो. सावंतवाडीचे कारागीर कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, त्यावर खडूचा लेप देत, घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करत, मग रंगकाम आणि शेवटी लाखेचे रोगण. पाठ एकरंगी ठेवत. लाखेमुळे पान घामाने आणि दमटपणाने लवकर बिघडत नाही; कोकणच्या पावसाळ्यात ही सोय काही लहान नव्हे. पण पाठीवर एक ओरखडा पडला, कडेचा एक टवका उडाला, की ते पान साऱ्यांच्या ओळखीचे झाले. मग तो जोड खेळातून बाद.

९/
इथेच चौथी अपेक्षा येते : पेटी पूर्ण असावी आणि पूर्ण राहावी. १२० पैकी एक पान हरवले तर उरलेली ११९ चित्रे सुंदरच राहतात, पण डाव मोडतो. हाताने केलेल्या जोडात हरवलेले पान पुन्हा करून घेता येते. परंतु नव्या पानाची पाठ जुन्या पानांत उठून दिसते. म्हणून पेटीला महत्त्व होते. सरकत्या झाकणाची, नक्षीने रंगवलेली ती लाकडी पेटी शोभेसाठी होतीच, पण तिचे पहिले काम पाने एकत्र आणि कोरडी ठेवण्याचे. मापात बसणारी पेटी आपोआप मोजणीही करते : पाने कमी असली तर ती आत खुळखुळतात.

१०/
आता खेळ. सहसा तीन जण बसतात. १२० पाने तिघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला ४०. जाड, गोल पाने बावन्न पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. म्हणून जमिनीवर चादर अंथरायची आणि पाने उलटी पसरून हाताने कालवायची. हुकमाचा रंग असा नसतो. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचे वरचे पान हात जिंकते. दुसऱ्या रंगाचे पान कितीही मोठे असले तरी त्याला किंमत नाही. राजा खेळून गेला की प्रधान सर्वांत वरचा, तो गेला की त्याखालचे पान. कोणते पान गेले आणि कोणते कोणाच्या हातात उरले, याचा हिशेब मनात ठेवणारा जिंकतो.

११/
त्यात आणखी एक मेख आहे. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटा : एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. ही केवळ आपल्याकडची लहर नव्हे. युरोपातील तारो आणि ओंब्र या जुन्या खेळांतही काही रंगांत एक्का वरचा आणि काहींत खालचा, असाच प्रकार आहे. खेळाडूच्या बाजूने याचा अर्थ स्पष्ट आहे. १२० पाने लक्षात ठेवायची आणि प्रत्येक रंगाला कोणता क्रम लागू आहे हेही. नशीब पाने वाटून देते. त्यापुढे सारा खेळ स्मरणशक्तीचा.

१२/
म्हणून पाचवी अपेक्षा : पेटीत अवघडपणा असावा, पण तो खेळण्यात असावा, पाने ओळखण्यात नसावा. हा भेद दोन राजांच्या पेट्यांवरून नीट कळतो. पहिली पेटी अकबराची. आईन-इ-अकबरीत अबुल फजलने बारा रंगांच्या, १४४ पानांच्या जुन्या गंजिफाचे वर्णन केले आहे. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती अशी त्यातील रंगांची नावे. अकबराने त्यांत फेरबदल केले. त्याच्या धनपतीच्या रंगात राजा द्रव्य वाटतो आणि वजीर खजिन्याचा हिशेब पाहतो. उरलेल्या पानांवर जवाहिरे, धातू वितळवणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा, मोहरा मोजणारा अशी खजिन्यातील कामकऱ्यांची चित्रे.

१३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून रम्य पत्ते मिळणार नाहीत. सोळाव्या शतकातील टांकसाळ त्यांत उभी आहे. परंतु खेळाडूला पान पाहताच कळले पाहिजे की ही सत्ती आहे की अठ्ठी. सात शंख मोजता येतात. नाणी पाडणारा माणूस कितव्या क्रमांकाचा, हे आधी पाठच करावे लागते. पुढच्या काळात देशभर पसरला तो मोजता येणाऱ्या खुणांचा, आठ रंगांचा जोड. बादशहाची कल्पना ग्रंथात राहिली.

१४/
दुसरी पेटी म्हैसूरची. मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) हे खेळांचे विलक्षण शौकीन. श्रीतत्त्वनिधी या त्यांच्या प्रचंड ग्रंथातील कौतुकनिधी या भागात ‘छद’ या नावाने पत्त्यांचे अनेक नवे प्रकार सचित्र दिले आहेत. त्यांतील काही जोडांतील पाने ३६० पर्यंत जातात. देवता, ग्रह, वाहने यांची गर्दी अशी की पेटी उघडणे म्हणजे लहानसे पुराण उघडणे. कल्पकता अफाट, परंतु एवढी पाने हातात धरणार कोण आणि लक्षात ठेवणार कोण? राजवाड्याबाहेर हे खेळ फारसे गेले नाहीत. पानांची संख्या वाढवणे सोपे असते, खेळणारे वाढवणे कठीण.

१५/
सहावी अपेक्षा किमतीची. दरबारासाठी हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपले अशा साहित्याचे जोड होत. सामान्यांसाठी कागद, कापड किंवा ताडपत्र. कारागिरांच्या बोलीत या दोन पातळ्यांना नावे आहेत : दरबार कलम आणि बाजार कलम. दरबार कलमात पानाच्या कडेला नक्षीदार किनार आणि बारीक काम. बाजार कलमात चित्र साधे आणि हात जलद. खेळ जगवला तो बाजार कलमाने. किनार नसली म्हणून शंखाची सत्ती काही सहा होत नाही, हे खेळणाऱ्याला नेमके ठाऊक होते.

१६/
सावंतवाडीत ही कला कशी आली? परंपरा असे सांगते की तेलंगणाकडून आलेल्या विद्वानांकडून हा खेळ खेम सावंत तिसरे (राज्यकाल १७५५–१८०३) यांच्या दरबारी पोहोचला आणि चित्रकाम व लाखकाम करणाऱ्या तेथील चितारी कारागिरांनी पाने करण्याचे काम उचलले. लाकडी खेळणी आणि पाट रंगवणारे हात तेथे आधीच होते. गंजिफाला लागणारे रंग आणि लाख त्यांच्या घरचीच. खेळ बाहेरून आला, पण त्याची पेटी करायला लागणारे सारे कसब गावात तयार होते.

१७/
मग खेळ मागे का पडला? इंग्रजांनी तो बंद पाडला असे एका वाक्यात म्हणणे सोयीचे आहे, पण अपुरे. १८३१ मध्ये लंडनच्या थॉमस द ला र्यू याने पत्ते छापण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले. बेल्जियमच्या टर्नहाउट गावचे छापखानेही आशियाच्या बाजारासाठी पत्ते छापू लागले. छापील जोडाची पाठ सारखी. एका साच्यातून निघालेली पाने एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. एक हरवले तर नवा जोड घेणे परवडते. पुढे पानाच्या कोपऱ्यात अंक आणि खूण आली, तेव्हा पंख्यासारखी धरलेली तेरा पाने एका हातात वाचता येऊ लागली. गोल पानाला कोपराच नसतो.

१८/
वर सांगितलेल्या अपेक्षा एकेक करून ताडून पाहा. ओळखता येणारी पाने, सारखी पाठ, पूर्ण जोड, परवडणारी किंमत : चौकट, बदाम, किलवर, इस्पिक या चार रंगांनी या सर्व गोष्टी स्वस्तात दिल्या. मराठी घरांनीही त्यावर आपले खेळ बसवले. मेंढीकोट, झब्बू, आणि तिघांना पुरणारा पाच-तीन-दोन. तीन माणसे, एक दुपार आणि लक्षात ठेवण्याची चढाओढ ही गंजिफाची गरज पाच-तीन-दोनने तीस पत्त्यांत भागवली. खेळाडूंनी गंजिफाशी वैर केले नाही. त्यांना जे हवे होते ते दुसऱ्या पेटीत मिळाले, एवढेच.

१९/
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा करू जाणणारे हात जवळजवळ उरले नव्हते. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही विद्या समजून घेतली, नवी मुले शिकवून तयार केली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. सत्त्वशीलादेवी स्वतः पाने रंगवत. याच सुमारास मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन भारतभरचे गंजिफा अभ्यासत होते. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील प्रदर्शनानिमित्त त्यांचा ग्रंथ निघाला. कला वाचली. आज सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही आहे.

२०/
परंतु काय वाचले, हे नीट पाहायला हवे. आजचा ग्राहक पेटी घेतो ती बहुधा भिंतीवर वा कपाटात ठेवण्यासाठी, भेट देण्यासाठी. त्याला किनार बारीक हवी, देवाचा चेहरा रेखीव हवा. एक्का ते दश्शीची पाने त्याच्या दृष्टीने पुनरुक्ती असतात. दहा अवतारांची दहा पाने मिळाली तरी त्याचे काम भागते. बाजार कलम आता बाजाराला नको आहे, बाजाराला दरबार कलम हवे आहे. कारागिराचे पोट त्यावर चालते, त्यामुळे याला दोष देण्यात अर्थ नाही. पण पेटीची मागणी खेळाडूकडून संग्राहकाकडे गेली की पेटीतील पानांचे मोल बदलते. राजा महागतो आणि पंजी निरुपयोगी ठरते.

२१/
सोलापुरी चादरीशी तुलना केली तर हा फरक ध्यानात येतो. महाराष्ट्रात भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंत ती आहे. यंत्रमागाच्या स्पर्धेत आणि नकली मालाच्या गर्दीत तिचे हाल होत असले, तरी लोक ती आजही पांघरतात. ती उबदार आहे की नाही, धुतल्यावर रंग जातो की राहतो, हे सांगणारे हजारो लोक आहेत. वापरणारा हा वस्तूचा सर्वांत कडक परीक्षक असतो. गंजिफाचा असा परीक्षक नाहीसा झाला आहे. पाठीवरचा ओरखडा दाखवून पान परत करणारे आता कोणी नाही.

२२/
ओडिशात काही खेड्यांत वयस्क मंडळी अजूनही गंजप्पा खेळतात. तेथील पाने झिजलेली असतात आणि चित्रे पुसट, पण पंजीची किंमत पंजीइतकीच राहिली आहे. महाराष्ट्रातही अडचण साहित्याची नाही. पेटी मिळते, नियम लिहिलेले आहेत, दशावतार पाठ आहेत. कमी आहेत ती तीन माणसे, जी चाळीस-चाळीस पाने हातात घेऊन दुपारभर बसतील, कोणता राजा गेला ते लक्षात ठेवतील आणि एखादे पान कमी निघाले तर कारागिराकडे तक्रार घेऊन जातील. शाह हसनने १५२७ मध्ये केले ते एवढेच होते : त्याने खेळण्यासाठी पेटी मागितली. आणि हो, पाने कालवायला एक चादर लागेल. ती सोलापूरची असली तर उत्तम.

(धागा समाप्त)